ऑपरेशन दुसऱ्याच अवयवाचं, ताण किडनीवर: भूल आणि शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचं काय होतं?

पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन नीट पार पडतं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, क्रिएटिनिन वाढलंय. मांडीचं हाड मोडलं म्हणून नेलेल्या दादीला लघवीच कमी होते आणि किडनीच्या डॉक्टरांना बोलावणं जातं. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशन किडनीचं नव्हतंच, मग किडनीला झालं काय? दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: भूल जास्त झाली का?

बहुतेक वेळा उत्तर 'भूल जास्त झाली' असं नसतं. भुलीचं औषध किडनीला विषासारखं बाधलं, असं आज क्वचितच घडतं. खरी गोष्ट रक्ताच्या प्रवाहाची असते. ऑपरेशनच्या काळात किडनीकडे जाणारं रक्त काही काळ कमी पडतं. निरोगी किडनी ते सोसते आणि सावरते. आधीच थकलेली किडनी अडखळते. किडनी आधीपासून थकलेली आहे की नाही, हे पुष्कळदा डॉक्टरांपेक्षा घरच्यांना जास्त ठाऊक असतं, कारण गोळ्यांचा डबा घरात असतो.

मुरबे, सातपाटी, नांदगाव, तारापूर, चिंचणी या पट्ट्यातल्या कुटुंबांना हे माहीत असणं जरा जास्तच गरजेचं आहे. लहान ऑपरेशन बोईसर-पालघरला होतं. मोठ्यासाठी लोक मुंबई गाठतात, नाहीतर गुजरातच्या बाजूला वापीकडे जातात. खर्च आणि येण्याजाण्याची दगदग यामुळे डिस्चार्जची घाई दोन्हीकडून असते. किडनीची इजा मात्र रक्ताच्या तपासणीत दिसायला एक-दोन दिवस घेते. म्हणजे ती कळण्याजोगी होते तेव्हा पेशंट खाडीकाठी आपल्या घरी खाटेवर असू शकतो आणि मुंबई शंभरेक किलोमीटरवर राहिलेली असते.

मिनिटाला लिटरभर रक्त

दोन्ही किडन्यांचं मिळून वजन जेमतेम पाव किलो ते तीनशे ग्रॅम. पण हृदय मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त, म्हणजे लिटरभर, एकट्या किडन्यांकडे जातो. इतक्या वजनाच्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या अवयवाला एवढं रक्त मिळत नाही. किडनीला स्वतःच्या पोषणासाठी इतकं लागत नाही. रक्त गाळायचं म्हणून ते येतं. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतलं जातं आणि उरलेलं दीडेक लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं.

एवढं रक्त येत असेल तर थोडं कमी झालं म्हणून काय बिघडतं? इथे एक मेख आहे. येणाऱ्या रक्तापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास किडनीच्या बाहेरच्या थरातच फिरतं. आतल्या गाभ्यात फार थोडं पोहोचतं आणि पाणी-मीठ परत ओढून घेण्याचं कष्टाचं काम तर तिथेच चालतं. आपल्याकडच्या सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं उदाहरण घ्या. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी थोडं कमी सुटलं तरी फरक पडत नाही, शेपटाकडचं शेत मात्र लगेच कोरडं पडतं. किडनीचा आतला भाग हे शेपटाकडचं शेत आहे. रोजच्या दिवशीही तिथे प्राणवायू बेताचाच असतो.

हे संकट टाळायला किडनीकडे स्वतःची सोय असते. दाब कमी झाला की किडनी आत येणारी रक्तवाहिनी सैल करते आणि बाहेर जाणारी आवळते. त्यामुळे गाळणीतला दाब टिकतो. आत येणारी नळी सैल ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात, बाहेरची आवळायला अँजिओटेन्सिन लागतं. ही दोन नावं जड आहेत, पण लक्षात ठेवा. पुढे गोळ्यांच्या डब्यात ती पुन्हा भेटणार आहेत.

ही सोय एका मर्यादेपर्यंतच चालते. डॉक्टर 'सरासरी दाब' मोजतात. वरचा आकडा अधिक खालच्या आकड्याची दुप्पट, भागिले तीन. १२०/८० असेल तर सरासरी ९३ येते, ९०/५० असेल तर ६३. निरोगी माणसात हा सरासरी दाब साधारण ८० पासून १६० पर्यंत कुठेही असला तरी किडनीचा रक्तप्रवाह फारसा बदलत नाही. त्याखाली गेला की दाब पडेल तसा प्रवाहही पडत जातो. आणि ज्यांना वर्षानुवर्षं बीपी आहे, त्यांच्या किडनीला चढ्या दाबाची सवय झालेली असते. तरुण माणसाला चालून जाईल असा १००/६० चा दाब अशा दादीच्या किडनीला अपुरा पडू शकतो. मॉनिटरवरचा आकडा पाहून 'दाब तर बरा आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा हे ध्यानात राहत नाही.

भूल नेमकं काय करते

पूर्ण भूल देताना प्रोपोफॉलसारखं इंजेक्शन आणि नंतर वासावाटे सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनसारखा वायू दिला जातो. या सगळ्यांचा एक समान गुण म्हणजे रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयाचा जोर थोडा कमी होतो आणि दाब उतरतो. त्यात श्वासाचं यंत्र हवा आत ढकलत असल्याने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त किंचित घटतं. किडनीचा प्रवाह कमी होतो तो अशा वळणाने. भूलतज्ज्ञ टेबलाशेजारी बसून सलाईन आणि दाब वाढवणारी औषधं देत असतात, ती यासाठीच. लोकांना वाटतं भूलतज्ज्ञाचं काम म्हणजे सुई टोचून झोपवणं. झोपवणं हा त्या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे.

पाठीतून दिली जाणारी भूल, म्हणजे स्पायनल, हिच्याबद्दल आपल्याकडे कंबरदुखीपासून किडनीपर्यंत नाना समज आहेत. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी स्पायनल दिलेल्या निरोगी माणसांच्या किडनीतला रक्तप्रवाह मोजला होता. नसांचा ताबा सुटला तरी किडनी आपला प्रवाह बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते, असं त्यांना आढळलं. स्पायनलमध्ये पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल होऊन दाब पडू शकतो, तो सावरला तर किडनीला धोका नाही. सिझेरियन आणि हाडांची कितीतरी ऑपरेशनं याच भुलीखाली होतात.

मग भुलीच्या औषधाने किडनी खराब होते हा समज आला कुठून? पूर्ण निराधार तो नाही. १९६० च्या दशकात मेथॉक्सीफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू जोरात वापरात होता. १९६६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कळवलं की हा वायू दिलेल्या काही पेशंटना ऑपरेशननंतर भरमसाठ, पाण्यासारखी लघवी होते आणि किडनी निकामी होऊ लागते. शरीरात हा वायू मोडून फ्लोराइड तयार होत होतं आणि ते किडनीला बाधत होतं. त्या वायूचा भुलीसाठीचा वापर पुढे बंद पडला. सेव्होफ्लुरेनमधूनही थोडं फ्लोराइड निघतं, म्हणून त्याच्यावरही संशय घेतला गेला. पण तो शरीरातून झपाट्याने बाहेर पडतो आणि जगभर इतक्या वर्षांच्या वापरात त्याने माणसाच्या किडनीला तसा अपाय केल्याचं दिसलेलं नाही.

आणि शस्त्रक्रिया काय करते

चाकू लागला की शरीराला वाटतं आपण जखमी झालो, आता पाणी आणि मीठ वाचवलं पाहिजे. मेंदूतून लघवी रोखणारं संप्रेरक सुटतं, किडनीतून रेनिन, वरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन आणि अॅड्रिनॅलिन. किडनीच्या नळ्या आवळतात, लघवी कमी होते. अल्लाहने शरीरात ठेवलेली ही बचावाची व्यवस्था आहे. ऑपरेशननंतरचे एक-दोन दिवस लघवी जरा कमी आणि गडद येणं यात अपेक्षितच असतं. लघवी कमी झाली म्हणजे लगेच किडनी गेली, असं समजून वॉर्डात रडारड करायचं कारण नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. आतला दाब १२ ते १५ ठेवला जातो. तेवढ्याने किडनीवरच्या शिरा दबतात, रक्त परत जायला अडथळा होतो आणि ऑपरेशन चालू असताना लघवी घटते. हवा काढली की प्रवाह पूर्ववत होतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात याचा त्रास सहसा जाणवतही नाही.

हृदयाच्या बायपासमध्ये रक्त काही काळ यंत्रातून फिरवलं जातं. पोटातल्या महारोहिणीच्या ऑपरेशनात ती मोठी रक्तवाहिनी चिमट्याने बंद करावी लागते. ही ऑपरेशनं किडनीला सगळ्यात जड. त्यांच्यात काही दिवस क्रिएटिनिन वाढणं ही अनोखी गोष्ट नाही. पोटात आतडं फुटून पू झाला असेल तर जंतुसंसर्गच दाब पाडतो आणि किडनी ऑपरेशनच्या आधीपासून संकटात असते. बाळंतपणातला अतिरक्तस्राव हे तरुण बाईची धडधाकट किडनी बिघडण्याचं एक मोठं कारण आहे. अशा वेळी रक्त मिळण्यात झालेला उशीर किडनी लक्षात ठेवते.

तारापूर एमआयडीसी जवळ असल्याने एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. यंत्रात किंवा जड वजनाखाली हात-पाय चिरडला गेला, तर मेलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन सुटून रक्तात मिसळतं आणि किडनीच्या नळ्यांत अडकतं. लंडनवर बॉम्बहल्ले झाले तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून दगावत होती. डॉ. बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये हे प्रथम नीट मांडलं. अशा जखमीला लवकर आणि भरपूर सलाईन लागतं. लघवी चहासारखी तांबूस-काळी दिसली तर डॉक्टरांना ताबडतोब सांगा. अॅम्ब्युलन्ससाठी १०८.

एकच आकडा, दोन किडन्या

आता समजा, मुरब्याची ६८ वर्षांची एक दादी घराच्या ओल्या लादीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वजन ५० किलो. बारा वर्षांची शुगर, बीपीसाठी टेल्मिसार्टनबरोबर लघवीची गोळी एकत्र असलेली टॅब्लेट, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून अधूनमधून आणलेली अॅसिक्लोफेनॅक. रिपोर्टात क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये आहे, बाजूला लाल खूण नाही.

पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर आजच्या सूत्राप्रमाणे त्याची किडनी मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर गाळते. दादीचं तेच १.१ असताना हिशोब ५५ च्या आसपास येतो. म्हणजे दादीची निम्मी ताकद आधीच गेलेली आहे आणि कागद तर नॉर्मल म्हणतोय! म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर हा आकडा लिहून मागा. बहुतेक लॅब तो देतात. न दिला तर डॉक्टर मिनिटभरात काढतात.

मोडलेल्या हाडामुळे मांडीत बरंच रक्त आतल्या आत साठतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. दुखण्यामुळे दादी पाणी पीत नाही, आणि लघवीला उठायला लागू नये म्हणूनही पीत नाही. हे आपल्या घरातल्या बायका नेहमी करतात. दोन दिवस असेच गेले तर टेबलावर पोहोचेपर्यंत किडनी सुकलेली असते. त्यावर भूल, त्यावर रक्तस्राव. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने ३३ हजारांहून जास्त ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा सरासरी दाब ५५ च्या खाली गेला होता, अगदी काही मिनिटांपुरता, त्यांच्यात किडनीला इजा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. निरोगी किडनी अशा घसरणीतून बहुधा निभावते. दादीला निभावायला फार कमी जागा आहे.

गोळ्यांचा डबा

मघाची दोन नावं इथे येतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही दुखण्याची औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. म्हणजे किडनीत येणारी नळी सैल होत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या अँजिओटेन्सिनला अडवतात. म्हणजे जाणारी नळी आवळत नाही. लघवीची गोळी शरीरातलं पाणी कमी करते. एरवी बीपीच्या या गोळ्या किडनीच्या दोस्तच आहेत, मधुमेहात तर त्या किडनी वाचवायलाच देतात. पण ऑपरेशनच्या दिवसांत, अंगात पाणी कमी असताना, तिन्ही एकत्र आल्या की किडनीचे दोन्ही हात बांधल्यासारखं होतं.

गिधाडांची गोष्ट अनेकांना आठवत असेल. आपल्या देशातली गिधाडं झपाट्याने संपत चालली होती. ज्या गुरांना डायक्लोफेनॅक दिलेलं असे, त्यांची मढी खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडत, हे २००४ च्या सुमारास उघड झालं आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण ज्या औषधाने एका पक्ष्याची जात संपायला आली, तीच गोळी आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पानाच्या पानं आणतो. टाक्यांच्या दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा डॉक्टर लिहून देतील तेच घ्या. मागच्या वेळची उरलेली पट्टी काढू नका.

बीपीची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची की नाही, यावर डॉक्टरांची मतं पेशंटप्रमाणे बदलतात. स्वतः ठरवू नका, भूलतज्ज्ञांना विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही, पण किडनी बिघडली तर अंगात साठून त्रास देतं. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंग देणार असतील तर किडनीचा जुना रिपोर्ट आधी दाखवा. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविकं ईजीएफआर पाहूनच दिली जातात. हकिमाची पुडी, सांधेदुखीचं बिननावाचं चूर्ण, कुणी दिलेला काढा, हेही सांगा. संकोच करू नका. पुडीत काय आहे हे डॉक्टरांना कळायला हवं, त्यात पुष्कळदा दुखण्याचीच गोळी कुटून घातलेली निघते.

यादी करत बसण्यापेक्षा आम्ही सांगू, डबाच पिशवीत घालून न्या. रिकाम्या पट्ट्यांसकट.

पाणी आणि रोजा

'रात्रीपासून काही द्यायचं नाही' हे वाक्य आपल्याकडे फार कडकपणे पाळलं जातं. सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं तरी माणूस कोरडाच. आजचा सर्वसाधारण नियम असा आहे की भुलीच्या आधी सहा तास अन्न बंद आणि साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. जेवण, दूध, दुधाचा चहा हे सहा तासांत धरायचं. डॉक्टर काही कारणाने जास्त वेळ सांगतील तर त्यांचं ऐकायचं. पण ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर 'आता पाणी देऊ का?' हे सिस्टरला विचारायला विसरू नका. मे महिन्यात तर नक्कीच.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी बिकट होतो. सेहरीनंतर दिवसभर पाणी नाही आणि संध्याकाळी ऑपरेशन, म्हणजे चौदा-पंधरा तास कोरडी किडनी भुलीला सामोरी जाणार. आजारी माणसाला रोजा सोडण्याची रुखसत आहे, नंतर कजा करता येते आणि ज्यांना बरं होण्याची आशा नाही त्यांच्यासाठी फिदया आहे. ऑपरेशन ठरलेलं असेल आणि घाई नसेल तर रमजाननंतरची तारीख मागायला हरकत नाही. ऑपरेशननंतर क्रिएटिनिन पूर्ववत येईपर्यंत रोजे ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारा, त्यांचं म्हणणं मग आलिमांना सांगा. क्रम हाच असू द्या. मौलवीसाहेबांनाही वैद्यकीय बाजू कळल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

सलाईन किती द्यावं, यावर डॉक्टरांतही बराच वाद झाला. जास्त पाण्याने सूज येते म्हणून मधली काही वर्षं हात आखडून सलाईन देण्याकडे कल होता. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांच्या सुमारे ३००० पेशंटवर तुलना झाली. हात आखडलेल्या गटात ८.६ टक्के लोकांच्या किडनीला इजा झाली, मोकळ्या हाताने दिलेल्यांत ५ टक्के. याचा अर्थ बाटल्यांवर बाटल्या लावा असा नाही. हृदय कमजोर असलेल्या पेशंटचा हिशोब वेगळा असतो आणि तो डॉक्टरच करतात.

आणखी एक आग्रह घरच्यांकडून होतो: लघवी होत नाही ना, मग लघवीचं इंजेक्शन द्या. त्या इंजेक्शनने पिशवीत लघवी दिसते, मनाला बरं वाटतं, पण अंगात रक्त-पाणी कमी असेल तर किडनीचं नुकसान टळत नाही, उलट वाढू शकतं. पूर्वी थोडं थोडं डोपामिन देऊन किडनी वाचते अशी समजूत अतिदक्षता विभागांतही होती. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ती तपासली आणि काही फायदा दिसला नाही.

ऑपरेशननंतर पिशवीवर नजर

वजन ५० किलो असेल तर तासाला निदान २५ मिलिलिटर लघवी अपेक्षित आहे. सहा तासांत १५० मिलिलिटर, म्हणजे भरलेल्या एका कपाएवढी. सलग सहा तास याहून कमी असेल तर सिस्टरला सांगायचं. रक्तात क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने जरी वाढलं, किंवा आठवड्यात दीडपट झालं, तरी २०१२ पासून जगभर त्याला किडनीची तीव्र इजा म्हणतात. १.१ वरून १.४. एवढासा फरक, रिपोर्टात सहज नजरेआड होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीचा कागद जपा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

कधीकधी किडनी ठीक असते आणि लघवी फक्त अडलेली असते. स्पायनलनंतर मूत्राशय काही तास झोपलेलं राहतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांना तर हमखास त्रास होतो. ओटीपोट फुगतं, अस्वस्थता येते. नळी घातली की पाच मिनिटांत सुटका. ही नळी असताना पाकी आणि नमाजचं कसं, हा प्रश्न वॉर्डात आमच्या लोकांना छळतो. माजूराला शरीयतमध्ये सवलत आहे, मोहल्ल्याच्या इमामांना विचारून घ्या. त्यासाठी नळी वेळेआधी काढायचा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नका. गरज संपली की संसर्गाच्या भीतीने तेच ती काढतात.

शुगर, बीपी, वय साठच्या पुढे, हृदयाचा आजार किंवा आधीच कमी ईजीएफआर, यातलं काही असेल तर डिस्चार्जच्या दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम झालंय का ते विचारा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा करायचं का तेही. ही तपासणी बोईसर-पालघरच्या लॅबमध्ये होते, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. घरी आल्यावर लघवी फारच कमी होणं, पाय किंवा चेहरा सुजणं, उलट्या न थांबणं, गुंगीत बडबडणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, यांपैकी काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. बीपीची बंद केलेली गोळी कधी सुरू करायची, हेही कागदावर लिहून घ्या. ती महिनोन्‌महिने बंदच राहिलेली पेशंट कमी नाहीत.

इजा झालीच तर बहुतेकांची किडनी काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरते. थोड्या लोकांना मधल्या काळात डायलिसिस लागतो. 'एकदा मशीनवर गेला की कायमचा गेला' या भीतीने कितीतरी घरात डायलिसिसला नकार दिला जातो आणि वाचणारा माणूस पोटॅशियम वाढून हातचा जातो. ऑपरेशननंतरच्या अचानक बिघाडातला डायलिसिस पुष्कळदा तात्पुरता असतो. किडनी सावरेपर्यंत तिचं काम यंत्र करतं, इतकंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, पैसे नंतर जुळवा.

आणि क्रिएटिनिन पूर्ववत आलं तरी तीन महिन्यांनी एकदा रक्त आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं असतं, कारण अशी इजा होऊन गेलेल्या काहींची किडनी पुढे हळूहळू ढासळते. ती तारीख डिस्चार्ज कार्डावरच पेनाने लिहून ठेवा. पुढच्या कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी, दाताचं असलं तरी, दुखण्याची गोळी लिहून घेण्याआधी ते कार्ड दाखवा.